गाठ आणणारा जिवाणू आणि ती टाळणारा त्याचाच भाऊबंद

मित्रहो, झाडाचं एखादं निरोगी पान घ्या, पोषक माध्यमाच्या बशीवर हलकेच दाबा आणि उचलून घ्या. दोन-तीन दिवसांनी त्या बशीत पानाचा ठसा उमटलेला दिसतो. तो पिवळ्या, पांढऱ्या, गुलाबी ठिपक्यांचा असतो आणि त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे जिवाणूंची एक वसाहत. पानाला काहीही झालेलं नसतं, तरी त्यावर एवढी वस्ती असते. मुळांलगतच्या मातीत तर चिमटीत कोट्यवधी जिवाणू सापडतात. आजवर नाव मिळालेल्या जिवाणूंच्या हजारो जातींपैकी वनस्पतींना रोग करणाऱ्या जेमतेम शे-दीडशे आहेत. आणि या रोगकर्त्यांपैकीही कित्येक जण पानावर आठवडेच्या आठवडे गप्प पडून असतात.

तेव्हा जिवाणू झाडावर आहे एवढ्यानं रोग होत नाही. तो नेमक्या जागी, नेमक्या वेळी आणि पुरेशा संख्येनं पोचावा लागतो. रोग आवरणारे जिवाणूही ह्याच जागेसाठी आणि ह्याच वेळेसाठी झगडतात. मला आज मुख्यतः एवढंच सांगायचं आहे, पण ते उदाहरणांवाचून पटणार नाही.

जिवाणूंमुळे झाडं आजारी पडतात हे मान्य व्हायलाच बराच काळ गेला. नासपती आणि सफरचंदाच्या झाडांना फायर ब्लाइट नावाचा रोग होतो. फांद्या आगीत होरपळल्यासारख्या काळ्या पडतात, शेंडा काठीच्या मुठीसारखा खाली वळतो. अमेरिकेत इलिनॉयमध्ये टॉमस बरिल यांनी १८७८ ते १८८० च्या सुमारास या झाडांच्या रोगट सालीत जिवाणू पाहिले आणि तिथला द्राव निरोगी फांदीत टोचून रोग घडवून दाखवला. जोसेफ आर्थर यांनी १८८५ मध्ये पुढची पायरी गाठली. जिवाणू गाळून काढलेला रस टोचला तर रोग होत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. एवढं होऊनही जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फ्रेड फिशर १८९७ मध्ये ठामपणे लिहीत होते की धडधाकट वनस्पतीला जिवाणू रोग करू शकत नाहीत, ते मागाहून मेलेल्या भागावर येतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या अर्विन स्मिथ यांनी त्यांना एकेक पुरावा मांडून उत्तर दिलं.

फिशर चुकले, पण त्यांच्या शंकेला आधार होता. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीला जाड भिंत असते. बुरशी दाब देऊन पानाच्या त्वचेतून आत घुसू शकते, जिवाणूला ते जमत नाही. त्याला उघडं दार लागतं. पर्णरंध्रं, पानाच्या कडेची पाणी टाकणारी छिद्रं, छाटणीची जखम, गारांचा मार, फुलातली मधुग्रंथी, किडीची सोंड अशी ही दारं आहेत. कोबीवरची काळी कूज पाहा. पानाच्या कडेपासून आत शिरेकडे निमुळता होत गेलेला पिवळा त्रिकोण दिसला, की झँथोमोनास हा जिवाणू त्या कडेच्या छिद्रांतून आत शिरला हे पानच सांगत असतं. लिंबावरच्या खैऱ्यात दार असतं पर्णरंध्राचं किंवा जखमेचं, म्हणून वाऱ्यासह पाऊस झाला की खैऱ्या वाढतो.

आणि झाडही दार उघडं टाकून बसलेलं नसतं. जिवाणूची चाहूल लागली की पर्णरंध्रं मिटतात. त्यावर स्युडोमोनास सिरिंजी या जिवाणूच्या काही वाणांनी, म्हणजे उपप्रकारांनी, तोड काढली आहे. ते कोरोनॅटिन नावाचं रसायन सोडतात, ते वनस्पतीच्या स्वतःच्या संप्रेरकाची नक्कल करतं आणि मिटलेली रंध्रं पुन्हा उघडतात. आत गेल्यावर सुईसारख्या सूक्ष्म नळीतून हा जिवाणू आपली प्रथिनं थेट पेशीत सोडतो आणि तिची संरक्षणाची यंत्रणा बंद पाडतो.

काही रोगांमध्ये मात्र मुख्य घाव पाण्याच्या वाटेवर असतो. टोमॅटो, वांगी, बटाटा, आलं यांच्या जिवाणूजन्य मर रोगात राल्स्टोनिया हा जिवाणू मुळाच्या जखमेतून जलवाहिन्यांत शिरतो आणि तिथे चिकट लाळ निर्माण करतो. पानं हिरवी असतानाच रोप माना टाकतं. ही मर बुरशीची की जिवाणूची, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. जमिनीलगतचा खोडाचा बोटभर तुकडा धारदार चाकूनं कापा आणि स्वच्छ पाण्यानं भरलेल्या काचेच्या पेल्यात कापलेलं टोक जेमतेम बुडेल असा धरा. हलवू नका. काही मिनिटांत त्या टोकातून दुधाळ धागे सरळ खाली उतरू लागतात. त्या प्रत्येक धाग्यात असंख्य जिवाणू असतात. ज्यानं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं तो मर रोगावर बुरशीनाशक ओतणार नाही, म्हणून ही परीक्षा प्रत्येकानं करून पाहावी असं मी सगळीकडे आग्रहानं सांगतो.

आता गाठीच्या रोगाकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण जिवाणू रोग कसा करतो आणि रोग कसा थांबवतो हे दोन्ही एकाच ठिकाणी पाहायला मिळतं.

पीच, बदाम, गुलाब, अक्रोड अशा झाडांच्या बुंध्यावर, मातीच्या पातळीशी खडबडीत गाठी येतात. त्याला क्राउन गॉल म्हणतात. स्मिथ आणि चार्ल्स टाउनसेंड यांनी १९०७ मध्ये त्याचं कारण जिवाणू असल्याचं दाखवलं. पुढे त्याला अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हे नाव मिळालं. मग एक विलक्षण गोष्ट लक्षात आली. गाठीतला जिवाणू पूर्ण मारून टाकला तरी गाठ वाढतच राहते. म्हणजे जिवाणू झाडात असं काही ठेवून जातो की पुढचं काम झाडच करतं. ते काय, याचा उलगडा १९७० च्या दशकात झाला. बेल्जियममधल्या गेंट इथे जेफ शेल आणि मार्क व्हॅन मोंटाग्यू यांच्या गटानं १९७४ मध्ये दाखवलं की गाठ आणण्याची क्षमता जिवाणूच्या टीआय नावाच्या एका मोठ्या प्लाझ्मिडवर असते. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राहून वेगळं, गोल असं डीएनएचं कडं. १९७७ मध्ये मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या प्लाझ्मिडचा एक तुकडा गाठीतल्या वनस्पतीच्या डीएनएमध्ये सापडल्याचं दाखवून दिलं.

हे घडतं ते असं. मुळाला जखम झाली की तिथून काही रसायनं पाझरतात. जिवाणू ती ओळखतो, आपल्या प्लाझ्मिडचा एक तुकडा कापतो आणि तो झाडाच्या पेशीत पाठवतो. तिथे तो झाडाच्या गुणसूत्रात बसतो. त्या तुकड्यावर दोन प्रकारची जनुकं असतात. काही जनुकं ऑक्सिन आणि सायटोकायनिन ही वाढीची संप्रेरकं बेसुमार तयार करायला लावतात, त्यातून गाठ होते. उरलेली जनुकं त्या पेशींकडून ओपाइन नावाचे पदार्थ बनवून घेतात. हे ओपाइन झाडाच्या काही कामाचे नसतात. ते पचवण्याची सोय त्याच प्लाझ्मिडवर असल्यामुळे ते ह्या जिवाणूचं राखीव अन्न ठरतं. वनस्पतींमध्ये नवी जनुकं घालण्याचं तंत्र माणसानं पुढे उभं केलं ते जिवाणूच्या ह्याच कौशल्यावर.

आणि प्लाझ्मिड काढून घेतलं, तर हाच अ‍ॅग्रोबॅक्टेरियम मुळाशेजारी राहणारा एक निरुपद्रवी जिवाणू असतो. मातीत असे निरुपद्रवी भाऊबंद भरपूर असतात. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड इथे अ‍ॅलन कर यांनी याकडेच लक्ष दिलं. रोगी आणि निरोगी झाडांभोवतीच्या मातीत रोगकर्त्यांचं आणि निरुपद्रवींचं प्रमाण काय, हे त्यांनी मोजलं. त्यातून पीचच्या झाडाजवळच्या मातीतला एक वाण हाती लागला, के-८४. लावणीपूर्वी बी, रोपांची मुळं किंवा कलमांच्या काड्या या जिवाणूच्या पाण्यात बुडवायच्या, एवढीच कृती. १९७३ पासून ऑस्ट्रेलियात तो प्रत्यक्ष वापरात आला आणि पुढे अनेक देशांत पोचला.

के-८४ जखमेची जागा आधी धरतो हे तर आहेच. पण तो अ‍ॅग्रोसिन-८४ नावाचं एक प्रतिजैविकही सोडतो, आणि त्याची करामत मला अजूनही थक्क करते. ते प्रतिजैविक रोगकर्त्या जिवाणूच्या आवडत्या ओपाइनसारखं दिसतं. गाठीतलं राखीव अन्न आत ओढून घ्यायला रोगकर्त्याकडे जे खास प्रवेशद्वार असतं, त्यातूनच तो अ‍ॅग्रोसिन हावरेपणानं आत घेतो. आत गेल्यावर त्याची प्रथिनं बांधण्याची यंत्रणा ठप्प होते. ज्यांच्याकडे हे दार नाही अशा मातीतल्या बाकीच्या जिवाणूंना धक्काही लागत नाही. इतकी नेमकी औषधं आपण माणसांनी फार थोडी बनवली आहेत.

त्याची मर्यादाही त्याच दारात आहे. द्राक्षवेलीवर गाठी आणणाऱ्या वाणांकडे बहुधा ते दार नसतं, म्हणून द्राक्षावर के-८४ चा उपयोग होत नाही. दुसरी काळजी अशी होती की अ‍ॅग्रोसिन बनवण्याचं आणि ते सोसण्याचं सामर्थ्य ज्या प्लाझ्मिडवर आहे, ते रोगकर्त्याकडे गेलं तर तोही निर्ढावेल. म्हणून कर यांच्या गटानं प्लाझ्मिडच्या स्थलांतराला लागणारा भाग काढून टाकून के-१०२६ हा वाण तयार केला.

आत्ता समोरून प्रश्न आला की गाठ आलेल्या झाडाला हे लावलं तर? नाही, उपयोग होणार नाही. गाठीची आज्ञा तोवर झाडाच्या गुणसूत्रात बसलेली असते, जिवाणू मेला काय आणि राहिला काय. के-८४ लावायचा तो जखम आणि माती यांची गाठ पडण्याआधी.

फुलाचंही असंच आहे. फायर ब्लाइटचा जिवाणू फुलाच्या कुक्षीवर पोसला जातो, एका फुलावर त्याची संख्या दहा लाखांपर्यंत जाते. मग पाऊस किंवा दव त्याला खाली मधुग्रंथीपर्यंत वाहून नेतं आणि तिथून तो आत शिरतो. मधमाश्या त्याला फुलाफुलांतून फिरवतात, हे मर्टन वेट यांनी १८९० च्या दशकातच दाखवलं होतं. उपाय म्हणून स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक फवारत राहिले आणि १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात त्याला दाद न देणारे वाण सापडले. मग कुक्षी आधीच भरून टाकण्याचा विचार पुढे आला. स्युडोमोनास फ्लुओरेसेन्सचा ए-५०६ हा वाण फुलं उमलायला लागताच फवारतात. तो कुक्षीवरची जागा आणि साखर आधीच बळकावतो. मधमाश्यांच्या पेटीच्या तोंडाशी त्याची भुकटी ठेवून त्यांच्याकरवीच तो फुलांपर्यंत पोचवण्याचे प्रयोगही झाले. हाच वाण दहिवराच्या नुकसानीविरुद्धही कामाला येतो. स्युडोमोनास सिरिंजीच्या अंगावर बर्फाचे स्फटिक जमवणारं प्रथिन असतं, त्यामुळे उणे दोन अंशांच्या आसपासच पानावर बर्फ धरतो. ए-५०६ नं ती जागा घेतली की पान आणखी थोडी थंडी सोसतं.

मातीतली एक गोष्ट मला आशा देणारी वाटते. गव्हाच्या मुळं काळी करणाऱ्या टेक-ऑल या बुरशीच्या रोगात, त्याच शेतात सलग गहू घेत राहिलं तर काही वर्षं रोग वाढतो आणि मग आपोआप ओसरतो. ती माती थोडीशी दुसऱ्या मातीत मिसळली तर तिथेही रोग दबतो, आणि माती ६० अंशांना तापवली तर हा गुण नाहीसा होतो. म्हणजे गुण जिवंत आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात जेम्स कुक, डेव्हिड वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्युडोमोनास जिवाणूंपर्यंत नेऊन पोचवला. मुळाच्या दर ग्रॅमला सुमारे एक लाख इतके ते असतील तरच बुरशी आवरते, त्याहून कमी असतील तर नाही.

हा आकडा लक्षात ठेवून बाजारातली जैविक औषधाची पुडी हातात घ्या. आतले जिवाणू जिवंत नसतील, तर ती नुसती भुकटी आहे. बॅसिलस या जिवाणूचे बीजाणू टणक असतात, ते महिनोन् महिने टिकतात. स्युडोमोनास बीजाणू करत नाही, तो उन्हात ठेवलेल्या पाकिटात मरतो. ताम्रयुक्त बुरशीनाशकाच्या टाकीत मिसळला तरी त्याचं तेच होतं. जैविक औषधानं काही झालं नाही अशी तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा ते कुठे ठेवलं होतं, कशात मिसळलं होतं आणि रोग दिसायच्या आधी दिलं की नंतर, एवढं मी आधी विचारतो.

जिथे मदतीला कुणाला पोचवणंच कठीण आहे, असे रोगही आहेत. लिंबूवर्गीय झाडांच्या ग्रीनिंगचा जिवाणू अन्नवाहिन्यांत राहतो, सायला नावाची कीड त्याला पसरवते, आणि प्रयोगशाळेत तो शुद्ध स्वरूपात नीट वाढवताही आलेला नाही. झायलेला हा जलवाहिन्यांतला जिवाणू इटलीच्या पुलिया भागात २०१३ मध्ये सापडला. त्यानं तिथली जुनी, डेरेदार ऑलिव्हची झाडं वाळवून टाकली. तिथे सध्या भर आहे तो त्याला वाहून नेणारी तुडतुड्यासारखी कीड रोखण्यावर. तिची पिल्लं वसंतात गवतावर फेसाच्या बुडबुड्यात बसलेली असतात, तेव्हाच ते गवत नांगरून काढतात. पण फ्लोरिडात डोनाल्ड हॉपकिन्स यांनी द्राक्षवेलीवर वेगळी वाट चोखाळली. एल्डरच्या झाडातला झायलेलाचाच एक सौम्य वाण, ईबी-९२-१, त्यांनी निरोगी वेलींच्या खोडात आधीच टोचला. तो वाहिन्यांत वस्ती करून राहिला आणि त्यांच्या चाचण्यांत अशा वेलींवर रोगाची लक्षणं कमी राहिली.