देवणीच्या दुधाची नोंद

(दृश्य : जनावरांचा बाजार, हाळी-हंडरगुळी)

लातूर जिल्ह्यातील उदगीर तालुक्याच्या या बाजारात देवणी या देशी गोवंशाच्या जनावराची पहिली ओळख रंगावरून होते. सर्वांगी पांढरा तो बालंक्या, पांढऱ्या अंगाचा पण चेहऱ्याच्या बाजूंनी काळा तो वानेरा आणि पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला तो शेवरा. गाय घेणारा कास, सड आणि वेत पाहतो. ती दूध किती देईल, याबाबत मात्र त्याला मालकाच्या शब्दावरच विसंबावे लागते.

(दृश्य : रक्ताचा नमुना, प्रयोगशाळा)

दुधाचा हा गुण काही अंशी गाईच्या गुणसूत्रांच्या 30 जोड्यांमध्ये लिहिलेला असतो. मानेच्या शिरेतून घेतलेले थोडे रक्त, कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक नळीवर नोंदवून, थंड पेटीतून प्रयोगशाळेत आणले जाते. तेथे पेशी फोडून प्रथिने वेगळी काढली जातात आणि थंड अल्कोहोल मिसळताच डीएनएचे पांढरे तंतू डोळ्यांना दिसू लागतात. पुढे हा डीएनए चिपवर, म्हणजे डीएनए वाचणाऱ्या छोट्या पट्टीवर, सोडला जातो आणि सुमारे 270 कोटी अक्षरांच्या जनुकसंचातील, जिथे गाईगाईंत फरक आढळतो अशा हजारो जागा एकाच वेळी वाचल्या जातात. आरंभीच्या चिप मुख्यतः युरोपीय जातींवरून घडवलेल्या असल्याने देशी गाईंमधले कितीतरी फरक त्यांना दिसतच नसत. म्हणूनच 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीम येथे प्रकाशात आलेली देशी गोवंशाची 'गौचिप' महत्त्वाची आहे.

(दृश्य : संगणकाचा पडदा, चौदावे गुणसूत्र)

परक्या जातींवरची माहिती देशी गाईंना का पुरत नाही, याचे चौदाव्या गुणसूत्रावरील डीगॅट-1 हे जनुक चांगले उदाहरण आहे. त्याच्या एका रूपाने दुधातील स्निग्धांश वाढतो, तर दुसऱ्या रूपाने स्निग्धांश घटून दूध वाढते. होल्स्टीन गाईंमध्ये ही दोन्ही रूपे आढळतात, म्हणून तेथे त्यावरून निवड करता येते. भारतीय वशिंडाच्या गाईंमध्ये मात्र जवळपास सर्वत्र स्निग्धांशाचेच रूप आहे. देशी दूध दाट का, हे त्यावरून काही प्रमाणात कळते. पण गोठ्यातल्या दोन देवणी गाईंपैकी कोणती अधिक दुधाळ, हे या जनुकावरून सांगता येत नाही, कारण दोघींचे उत्तर एकच येते. परक्या जातीत सापडलेली खूण आपल्या गाईला जशीच्या तशी लावता येत नाही, आणि देवणीच्या खुणा देवणीतच शोधाव्या लागतात.

(दृश्य : पहाटेची धार, वजनकाटा)

त्यासाठी चिपच्या जोडीला हा वजनकाटा हवाच. महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक बिल्ल्यासमोर दूध लिहिले जाते. देवणी सहसा वासरू लावल्याशिवाय पान्हा सोडत नाही, आणि वासराने प्यालेले दूध काट्यावर येत नाही. म्हणून किती सड वासरासाठी सोडले, हेही नोंदवावे लागते. अशा नोंदी पुरेशा गाईंच्या जमल्या, तरच जनुकातला फरक आणि दुधातला फरक यांची सांगड घालता येते आणि गोऱ्ह्याच्या मुली दुधावर येईपर्यंतची अनेक वर्षे न थांबता, तो लहान असतानाच वळू म्हणून निवडता येतो.

ट्रॅक्टर आणि संकरित गाईंमुळे शुद्ध देवणी कमी होत आहे, त्यामुळे नोंदीसाठी मिळणाऱ्या गाईही कमी होत आहेत.