निवड चाचणीत आपण नक्की काय मोजतो?

(अर्धा कागद कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार. हा कागद बघा. ए-फोरचा अर्धा तुकडा, स्केचपेनने लिहिलेला 41, चारही कोपऱ्यांना सेफ्टी पिनांची भोकं. आठ वर्षांपूर्वीच्या बास्केटबॉलच्या एका जिल्हा निवड चाचणीतला, छातीवर लावायचा हा चेस्ट नंबर. चौदा वर्षांखालील मुलं. मी निवड समितीत होते. सकाळी सात वाजता सिमेंटच्या कोर्टवर साठेक पोरं उभी होती आणि संघात जागा बारा.

41 नंबरचा मुलगा तालुक्याच्या गावाहून पहिल्या एसटीने आला होता. ले-अपच्या, म्हणजे धावत जाऊन बास्केटजवळून बॉल टाकण्याच्या, रांगेत त्याचं डोकं शेजारच्या मुलाच्या खांद्याला लागत होतं. मग आम्ही पाच-पाच जणांचे संघ पाडून मॅच लावली. त्याच्या संघातले बाकीचे चौघे एकाच क्लबचे. ते बॉल आपापसातच फिरवत होते. दहा मिनिटांत याच्या हातात बॉल आला तीनदा. तिन्ही वेळा त्याने आधी मान वर करून कोर्ट पाहिलं, मग पास दिला. तिसऱ्या वेळी बचावाच्या पाठीमागून बास्केटकडे धावणाऱ्या मुलाला त्याने जमिनीवर टप्पा देऊन असा बाउन्स पास दिला, की बॉल येईल हे त्या मुलाच्या ध्यानीमनीही नव्हतं. बॉल रेषेबाहेर गेला.

माझ्या शेजारच्या सरांनी लिहिलं, "चुकीचा पास." मी लिहिलं, "लहान आहे."

संध्याकाळी यादी लागली. त्यात तो नव्हता. टेबलापाशी येऊन त्याने हा कागद ठेवला आणि विचारलं, "मॅडम, पिना परत द्यायच्या का?" एवढंच. पुढे कुठल्याच चाचणीला तो मला दिसला नाही.

काही दिवसांनी फॉर्म फाइलला लावताना मी त्याची जन्मतारीख पाहिली. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. गार्डच्या, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडणाऱ्याच्या, जागेसाठी ज्या मुलाशी आम्ही त्याची तुलना केली, तो त्याच वर्षातल्या जानेवारीचा. म्हणजे जवळजवळ वर्षाचं अंतर. "लहान आहे" हे मी त्याच्या शरीराबद्दल लिहिलं होतं. ते वयाबद्दलही तितकंच खरं होतं, आणि ते मी पाहिलंच नव्हतं.

आज मला याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. निवडीतला अन्याय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वशिला येतो. वशिला असतो, मी नाही म्हणत नाही. पण समितीतला प्रत्येक माणूस प्रामाणिक असला तरी अन्याय होतो, आणि तो दरवर्षी त्याच मुलांवर होतो.

शालेय स्पर्धांचे वयोगट 1 जानेवारीला धरून ठरतात. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्येही जन्मवर्षच धरतात. कुठे तरी रेघ ओढावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण रेघ ओढली की 2 जानेवारीचा आणि 30 डिसेंबरचा मुलगा कागदावर एका वयाचे होतात. आपल्या आधीच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहून टाकलेली किती तरी माणसं घराघरात आहेत. कागदावरची तारीख आणि अंगातलं वय यांतला फरक त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

जन्ममहिन्याचा हा परिणाम पहिल्यांदा नीट मांडला गेला तो कॅनडातल्या आइस हॉकीत. 1985 मध्ये संशोधक रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की वरच्या पातळीवरच्या खेळाडूंमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले फार जास्त आणि शेवटी जन्मलेले फार कमी आहेत. नंतर फुटबॉलमध्ये, बास्केटबॉलच्या युवा संघांमध्येही तेच दिसलं. यात जानेवारीच्या मुलांची चूक काहीच नाही. दहाव्या-अकराव्या वर्षी तो थोडा मोठा असतो म्हणून निवडला जातो. मग त्याला शिबिर मिळतं, चांगला कोच मिळतो, पंधरा-वीस मॅच जास्त मिळतात. दोन वर्षांनी तो खरोखरच चांगला खेळतो. आणि आपण म्हणतो, बघा, आपली निवड बरोबर होती.

जन्ममहिन्याच्या वर आणखी एक गोष्ट बसते, वयात येण्याची. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. हे सरासरीचं झालं. एखाद्याला मिसरूड बाराव्या वर्षी फुटतं, एखाद्याचा आवाज सोळाव्या वर्षीही फुटलेला नसतो. दोघंही निरोगी असतात. चौदा वर्षांखालच्या मुलांची चाचणी म्हणजे नेमका तो काळ, जेव्हा एकाची वाढ होऊन गेलेली असते आणि दुसऱ्याची सुरूही झालेली नसते. ज्याची वाढ ऐन भरात आहे, त्याची तर आणखीच पंचाईत. चार महिन्यांत हातपाय लांब झालेले असतात, बॉल हातातून निसटतो, कालपर्यंत बसणारा शॉट बसत नाही. चाचणी त्याच महिन्यात आली तर तो गेलाच.

इथेच वय चोरण्याचा विषयही येतो. 2010 पासून आपल्या देशात त्याविरुद्ध राष्ट्रीय संहिता आहे. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात. खोटे दाखले देणाऱ्यांना आळा बसलाच पाहिजे. पण हाडांचं वय म्हणजे जन्मतारीख नव्हे. लवकर वयात आलेल्या प्रामाणिक मुलाचं हाडांचं वय खऱ्या वयापेक्षा वर्ष-दीड वर्ष पुढे असू शकतं. म्हणून एखादा मुलगा दांडगा दिसला की "हा मोठा आहे, वय चोरलंय" असं पालकांनी कोर्टच्या कडेला उभं राहून ओरडू नये. तो ऐकत असतो.

आता निवड करणाऱ्यांची बाजू. बास्केटबॉलमध्ये उंची बघायचीच नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याने हा खेळ पाहिलेला नाही. रिंग दहा फुटांवर आहे, 3.05 मीटर, आणि ती कुणासाठी खाली येत नाही. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग 2015 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या खेळाडू-निवडीत, निवडला गेला, असा तो पहिला भारतीय. त्याची उंची कुणी लहानपणीच हेरली म्हणूनच तो लुधियानाच्या अकादमीत पोहोचला. शिवाय जिल्ह्याच्या कोचला पुढच्या काही दिवसांतच विभागीय स्पर्धा खेळायची असते. तो आजचं अंग बघतो, कारण त्याला जाब आजच्या निकालाचा विचारतात. पण तेराव्या वर्षाची उंची ही त्या मुलाची उंची नव्हे, ती त्या तारखेची उंची आहे.

मायकल जॉर्डनची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, शाळेच्या संघातून काढून टाकलं आणि जिद्दीने तो महान झाला वगैरे. ती गोष्ट अर्धवट सांगितली जाते. 1978, नॉर्थ कॅरोलायनातलं विल्मिंग्टन, लेनी हायस्कूल. जॉर्डन पंधरा वर्षांचा, उंची पाच फूट दहा इंच. मुख्य संघात त्याच्या वर्गातला एकच मुलगा घेतला, लेरॉय स्मिथ. उंची सहा फूट सात इंच. संघात गार्ड होते, उंच मुलगा हवा होता. निर्णय समजण्यासारखा आहे. पण जॉर्डनला घरी नाही पाठवलं. शाळेचा दुसरा संघ होता, ज्युनियर व्हार्सिटी. त्यात तो वर्षभर खेळला, ढिगाने गुण केले, आणि त्याच काळात त्याची उंचीही झपाट्याने वाढली. पुढच्या वर्षी तो मुख्य संघात होता. 2009 मध्ये हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या गौरवाच्या, समारंभाला त्याने लेरॉय स्मिथला आवर्जून बोलावलं.

जिद्द होतीच. पण ती जिद्द दाखवायला त्याला मैदान मिळालं, जर्सी मिळाली, मॅच मिळाल्या. माझ्या 41 नंबरच्या मुलाला काय मिळालं? परतीची एसटी. बारा जण निवडले की उरलेल्या पन्नासांसाठी आपल्याकडे पुढच्या वर्षापर्यंत काहीही नसतं. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

मग करायचं काय? एक उपाय इतका स्वस्त आहे, की तो आपण का करत नाही हे मला कळत नाही. 2017 मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुटबॉलच्या स्काउट्सना, म्हणजे होतकरू खेळाडू हेरणाऱ्यांना, लहान मुलांच्या मॅच दाखवल्या. जन्मतारखांचा कागद हातात दिला तरी त्यांचा कल मोठ्या मुलांकडेच राहिला. पण जर्सीचे नंबर वयाच्या क्रमाने दिले आणि तसं सांगितलं, तेव्हा तो कल गेला. कारण नंबर सतत डोळ्यांसमोर असतो.

(कागद पुन्हा दाखवत)

म्हणजे हा कागद. आपण चेस्ट नंबर देतो नावनोंदणीच्या क्रमाने, जो आधी आला त्याला 1. त्याऐवजी जन्मतारखेने लावा. सगळ्यात मोठ्याला 1, सगळ्यात धाकट्याला 60. आमच्या सकाळच्या मुलांच्या चाचणीत मी गेली तीन वर्षं असंच करते. 57 नंबर रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून उसळलेला बॉल पकडायला, हरला की पेन आपोआप थांबतं. तो का हरला, जागा चुकली की नुसता हात पुरला नाही, हे आपण बघायला लागतो.

दुसरं, पाच-पाचची मॅच लावायच्या आधी तीन-तीनचे गट करा आणि दर सहा मिनिटांनी जोडीदार बदला. एका क्लबच्या मुलांना एकत्र ठेवू नका. तीन जणांत बॉल लपत नाही. आणि चाचणी दोन वेगवेगळ्या आठवड्यांत घ्या. एका दिवसात कुणाला ताप असतो, कुणाची पाळी आलेली असते आणि ती ते कुणाला सांगत नाही, कुणी पहाटे चारला उठून आलेलं असतं.

निवड समितीतल्या कोचने आपल्या शाळेच्या, आपल्या क्लबच्या मुलांना गुण देऊ नयेत, हे तर कुणी सांगायलाही नको.

पालक एवढे हट्टाला का पेटतात, हेही समजून घेऊ. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण आहेत, राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. त्या वाटेचं पहिलं दार ही जिल्ह्याची यादी. म्हणून निकष आधी लिहून लावा आणि नोटीस पंधरा दिवस आधी काढा. आदल्या रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला, की शहरातली मुलं पोहोचतात आणि तालुक्यातली राहतात.

आणि ज्यांचं नाव आलं नाही त्यांना एक ओळ लिहून द्या. मी आता देते. "डाव्या हाताने ड्रिबल कर, मार्चमध्ये परत ये." परत यायला एक तारीख असली, की मुलं येतात. मार्चमध्ये आमच्याकडे न निवडलेल्यांच्याच मॅच असतात. दोन रविवार, चार संघ, खर्च सरबताचा आणि पंचाच्या चहाचा.

तुमच्या जिल्ह्यात चाचणीची नोटीस किती दिवस आधी मिळते, आणि चाचणी किती दिवस चालते? जिल्हा आणि वर्ष टाकून खाली लिहा. मुलाचं नाव लिहू नका. ही माहिती एकत्र करून, चेस्ट नंबर जन्मतारखेने लावण्याच्या मागणीसोबत, मी आमच्या जिल्हा संघटनेला लेखी देणार आहे.