खारेपाटातली मंदी

भरती लागली आहे. पाणी बघा, बांधाच्या पोटाला टेकलंय. अलीकडे भात, पलीकडे खाडी, मधे एवढीच माती. अलिबागचा खारेपाट असाच समुद्राकडून वीत-वीत काढून घेतलेला आहे.

ओहोटीला माणसं चिखलात उतरतात. ढेप कापायची, हातोहात पुढे द्यायची, बांधावर थापायची. या आजी तळव्याने सांधा कशा बुजवताहेत ते नीट पाहा. खेकड्याचं एक बीळ राहिलं तरी तिथून पाणी झिरपतं, मग खांड पडते. शेतात खारं पाणी शिरलं की दोन-तीन वर्षं धड दाणा येत नाही. बैल कुळाचा, बी कुळाचं, चिखल उपसणारे हातही कुळाचेच. जमीन तेवढी खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची. पिकलेल्या भातावर पहिला हात त्याचा पडायचा, वर वेठबिगार होतीच.

1929च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. इथे ती बातमी पोचली भाताच्या भावातून. पुढच्या तीन-चार वर्षांत देशभर शेतमालाचे भाव निम्म्याच्या आसपास आले. सावकाराचं कर्ज मात्र रुपयांत लिहिलेलं. पूर्वी एक खंडी भात विकून जे देणं फिटलं असतं, त्याला आता दोन खंड्या लागायला लागल्या. माणसाने कष्ट कमी केले नव्हते, पाऊसही रुसला नव्हता. तरी घर बुडत होतं.

हा सोनाराचा तराजू. 1931च्या सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णमान सोडलं, म्हणजे पौंडाची सोन्याशी बांधलेली गाठ सोडली, सोन्याचा भाव चढला आणि गावोगावचं मोडीचं सोनं मुंबई बंदरातून बोटींनी विलायतेला जाऊ लागलं. आईच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ, लेकीसाठी ठेवलेली नथ, सगळं याच पारड्यात पडलं.

खाली रत्नागिरीकडे घरं मनीऑर्डरीवर चालत. मुंबईच्या गिरण्यांनी पगार कापले, काहींना टाळं लागलं, आणि पोस्टमन दारावरून तसाच पुढे जाऊ लागला.

आता पुन्हा अलिबागकडे, हे चरी गाव. खोताचा जाच जुनाच होता, मंदीत तो सोसवेना. 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली इथे सभा भरली आणि कुळांनी ठरवलं, जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावं संपात उतरली. ज्या मातीसाठी रात्री-अपरात्री बांधावर धावायचं, तीच पडीक टाकायची. एक वर्ष गेलं, दोन गेली. अशी सहा गेली. लोकांनी रानातून लाकूडफाटा आणून विकला आणि दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले, कुळांच्या बाजूने बोलले, आणि 1937मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं.

संप 1939मध्ये मिटला. त्याच वर्षीच्या कूळ कायद्यात ‘संरक्षित कूळ’ आलं, म्हणजे ज्याला जमिनीवरून सहज हुसकता येत नाही असं कूळ. खोती कायद्याने जायला मात्र स्वातंत्र्य यावं लागलं.

पाणी उतरलं. आजी पुन्हा बांधाकडे निघाल्या आहेत.