घाटात गाडी तापते? आधी रेडिएटरचं झाकण बघा

रामराम मंडळी. साताऱ्याच्या भागात जुनी गाडी सांभाळायची म्हणजे घाट आलाच. पसरणी, खंबाटकी, यवतेश्वर. घाटात काटा लाल रेघेकडे सरकला की लोक थेट रेडिएटर, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी गार करणारी जाळी, बदलायच्या गोष्टी करतात. जरा थांबा. आपल्यासमोर जुनी मारुती 800 आहे, आणि सुरुवात या झाकणापासून करायची.

(रेडिएटर कॅप कॅमेऱ्याजवळ)

यावर 0.9 लिहिलंय. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा 0.9 बारने (बार हे दाबाचं माप) वाढेपर्यंत हे झाकण पाणी सोडत नाही. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. पाचगणी सुमारे 1,300 मीटर उंचीवर आहे. तिथं उघड्या भांड्यातलं पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाचा दाब टिकला तर तेच पाणी 115च्या पुढे जातं. आता बघा, रेडिएटरचा पंखा सुरू होतो तोच नव्वदीच्या पुढे. झाकणाचं रबर कडक झालंय, स्प्रिंग ढिली पडलीय, तर पंखा लागेस्तोवर पाणी उकळायला आलेलं असतं! गाडी पाणी फेकते आणि दोष रेडिएटरला लागतो. रबराला चीर किंवा खाच दिसली तर झाकण बदलून टाका. नवं घेताना त्यावरचा आकडा तोच हवा. जास्त दाबाचं झाकण लावलं तर जुने होज, म्हणजे पाण्याचे रबरी पाइप, फुटतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर येतं. वरचा होज हाताला गार लागला पाहिजे, मगच हात घाला.

आता पाणी. बोअरचं पाणी ओतायची सवय सोडा. त्यातले क्षार गरम जागी थर धरतात, रेडिएटरच्या बारीक नळ्या आतून अरुंद होतात. शिवाय नुसत्या पाण्याने इंजिनाच्या आत गंज धरतो. कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव, त्यात गंजरोधक असतं, त्याचं मुख्य काम तेच. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, हा समज चुकीचा आहे.

बदलायचं कसं? गाडी सपाट जागी, इंजिन गार. हीटर असेल तर त्याची कळ पूर्ण गरमकडे, म्हणजे हीटरमधलंही जुनं पाणी निघतं. खाली घमेलं ठेवा, रेडिएटरच्या तळाची पाणी सोडायची चावी उघडा, मग झाकण काढा. ही चावी जुनी असते, पक्कडीने जोर लावाल तर तुटेल. फिरत नसेल तर सरळ खालचा होज काढा. तांबडं पाणी आलं तर स्वच्छ पाणी भरून, इंजिन गरम करून, पुन्हा पूर्ण गार झाल्यावर सोडा. पाणी नितळ येईपर्यंत हे करत राहायचं. शेवटचं भरणं मात्र डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. तयार मिश्रणाचा डबा असेल तर त्यात पाणी घालायचं नाही.

आणि इथंच बहुतेकांचं चुकतं: आत हवा अडकते. झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू करा, वरचा होज हाताने हळूहळू दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तसं भरत जा. वरचा होज एकदम गरम झाला की थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह, उघडला. तोंडापर्यंत भरा, झाकण लावा, बाजूच्या टाकीत दोन खुणांच्या मध्ये पातळी ठेवा. इंजिन चालूच ठेवा, पंखा लागतोय का बघायचंय. लागला नाही तर आधी फ्यूज, मग थर्मोस्विचचा, म्हणजे पाणी तापल्यावर पंखा लावणाऱ्या स्विचचा, प्लग तपासा. हात पंख्यापासून लांब. इंजिन बंद असलं तरी तो अचानक फिरू शकतो.

थर्मोस्टॅटबद्दल स्पष्ट बोलतो. "काढून टाका, गाडी तापणार नाही" असं सांगणारे मेस्त्री भेटतील. ऐकू नका. इंजिन गारच चालतं, पेट्रोल जास्त पितं, झीज वाढते, आणि खरा दोष झाकला जातो. शंका असेल तर तो दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, थर्मामीटर ठेवा आणि गरम करा. त्यावर जो आकडा कोरलाय, बऱ्याचदा 82 किंवा 88, त्याच्या आसपास तोंड उघडायला लागलं पाहिजे. परत बसवताना गॅस्केट, म्हणजे सांध्यातलं गळती रोखणारं पॅकिंग, नवीन.

होजही दाबून बघा. फुगलेला, पिचपिचीत किंवा वाकवल्यावर भेगा दिसणारा असेल तर बदला, क्लॅम्पसकट.

एवढं करूनही तापतेय? गार इंजिनावर झाकण काढून गाडी सुरू करा. हवा आधीच काढलेली आहे आणि तरी तोंडातून बुडबुडे थांबतच नाहीत, किंवा ऑइलच्या डिपस्टिकवर दुधाळ चॉकलेटी साय दिसते, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगचा, संशय घ्या. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, जास्त तापलं की वाकतं. गाडी चालवू नका, टो करून गॅरेजला न्या.

आणि घमेल्यातलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या बुडाशी ओतू नका. चवीला गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विषारी आहे. बंद डब्यात भरा, लेकरांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून तिथं द्या.