टेरोडॅक्टिलपासून खजुरापर्यंत: बोटातून आलेले इंग्रजी शब्द (आणि 'डिजिटल' त्यात का नाही)

नमस्कार मंडळी! 'फोबिया'वाला व्हिडिओ टाकल्यापासून तुमची एकच मागणी चालू आहे, "मॅडम, आता डॅक्टिल घ्या." घेऊया. पण मागणी करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी पुढे लिहिलंय, "डॅक्टिल म्हणजे बोट, उदाहरणार्थ डिजिटल." आज मी कॅमेऱ्यासमोर बसले आहे ती खरं तर या एका वाक्यासाठी.

मूळ गोष्ट पटकन उरकते. ग्रीक शब्द 'दक्तुलोस', अर्थ बोट. इंग्रजीत त्याचं झालं डॅक्टिल. झालं.

आता डिजिटल. हा शब्द लॅटिन 'डिजिटस'वरून आला. त्याचाही अर्थ बोटच, आणि घोळ तिथेच होतो. अर्थ एक म्हणून शब्द एक होत नाही. आपण 'पाणी' म्हणतो आणि 'जल'ही म्हणतो, पण जल काही पाण्यापासून तयार झालेलं नाही. तसंच हे. 'ग्रीक मुळापासून आलेला शब्द ओळखा' असा प्रश्न आला आणि तुम्ही डिजिटलवर खूण केलीत, तर तो गुण गेला.

चला, मजेशीर शब्दांकडे. टेरोडॅक्टिल. स्पेलिंग 'पी'ने सुरू होतं, तो पी उच्चारायचा नाही. 'टेरॉन' म्हणजे पंख. आपल्या संस्कृतातलं 'पत्र' आठवा, त्याचा एक अर्थ पंख किंवा पीस असाही आहे. हे दोन्ही शब्द खरोखर एकाच मुळातले आहेत. म्हणजे पंख-बोट्या! जर्मनीतल्या बव्हेरियात, जोल्नहोफेन भागातल्या चुनखडीत याचा सांगाडा सापडला. १७८४मध्ये कोलिनी या अभ्यासकाने त्याचं वर्णन केलं, पण तो समुद्रातला प्राणी असावा असं त्याला वाटलं. हा उडणारा सरपटी प्राणी आहे हे ओळखलं फ्रान्सच्या जॉर्ज क्युव्हिए यांनी, आणि १८०९मध्ये हे नावही त्यांनीच दिलं. (डायनोसॉर नव्हे हं. मुलांच्या वह्यांवर काहीही छापलेलं असतं.)

नावात बोट का, ते बघा. त्याच्या हाताला तीन लहान नखाळ बोटं, आणि चौथं बोट इतकं लांबलचक की पंखाचा पडदा त्याच्यावरच ताणलेला. करंगळी नाहीच. अंगठ्यापासून मोजा माझ्याबरोबर. एक, दोन, तीन, चार. चौथं कोणतं? अनामिका! आपण ज्या बोटाला 'नाव नसलेलं' म्हणतो, त्याच बोटामुळे या प्राण्याला नाव मिळालं. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी रात्री अकरा वाजता बहिणीला फोन केला होता.

पुढचा मुद्दा इंग्रजी माध्यमाच्या मुलांना अडतो, मराठी माध्यमाच्या मुलांना मुळीच अडत नाही. इंग्रजीत हाताचं बोट 'फिंगर' आणि पायाचं 'टो'. ग्रीकमध्ये दोन्हीला दक्तुलोस. आणि मराठीत? दोन्हीला बोट! म्हणून आर्टिओडॅक्टिल आणि पेरिसोडॅक्टिल हे शब्द आले की "पायाला फिंगर कुठून आलं?" हा प्रश्न तुम्हाला पडायलाच नको. 'आर्टिऑस' म्हणजे सम, 'पेरिसॉस' म्हणजे विषम. गाय, बकरी, उंट, डुक्कर यांची बोटं सम. घोड्याच्या पायाला एकच बोट, गेंड्याच्या पायाला तीन, म्हणून ते विषम. मराठी पुस्तकांत समखुरी आणि विषमखुरी असे सुरेख शब्द आहेत, तेच डोक्यात ठेवा.

डॉक्टरांचे शब्दही असेच सुटतात. पॉलीडॅक्टिली म्हणजे जास्तीची बोटं, सिंडॅक्टिली म्हणजे जुळलेली बोटं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, डाव्या हाताला सहा बोटं. लहानपणीच्या एका दवाखान्याच्या कागदावर तिने 'पॉलीडॅक्टिली' वाचलं होतं आणि आपल्याला काहीतरी मोठा आजार आहे असं तिच्या मनाने घेतलं होतं. कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. मी फळ्यावर फोड करून दाखवली, 'पॉली' पुष्कळ, 'डॅक्टिल' बोट. ती म्हणाली, "एवढंच?" एवढंच गं बाई. शब्दाची फोड कशाला शिकायची असं विचारणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगते.

डॅक्टिलोस्कोपी, म्हणजे बोटांच्या ठशांची तपासणी. मराठीत ठशाला अंगुलिमुद्रा. इथे आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. १८९७मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला, आणि ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी फार मोठं काम केलं. पद्धतीला नाव मात्र मिळालं साहेबाचं, एडवर्ड हेन्री यांचं. मला याचं आजही वाईट वाटतं, म्हणून ही दोन नावं मी दर वर्षी वर्गात मोठ्याने म्हणून घेते.

पुन्हा डिजिटलकडे येते, कारण एकाने आत्ताच विचारलंय, "मॅडम, डिजिटॅलिस?" प्रश्न छान आहे. माझे बाबा हृदयासाठी डिगॉक्सिनची गोळी घ्यायचे. हे औषध डिजिटॅलिस वनस्पतीतून मिळतं. तिची फुलं शिवणकामाच्या टोपणासारखी, बोटावर चढवता येतील अशी. जर्मनमध्ये त्या टोपणाला आणि त्या फुलालाही 'बोटाची टोपी' अशाच अर्थाचं नाव आहे. त्यावरून १५४२मध्ये लिओनहार्ट फुक्स यांनी तिचं लॅटिन नाव ठेवलं. बघा, बोट आहे, पण लॅटिन बोट! डिजिट, डिजिटल, डिजिटॅलिस हे एक घर. डॅक्टिल हे दुसरं घर.

"मग 'डॅक्ट' ऐकू आलं की ग्रीक बोट, असं धरू का?" तसंही नका धरू. डायडॅक्टिक या शब्दाचा बोटाशी काही संबंध नाही, तो 'शिकवणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आलाय. 'दोन बोटांनी दाखवून शिकवणे' अशी व्युत्पत्ती कुणीतरी पसरवली आहे. कृपा करून ती पुढे पाठवू नका. आणि हो, भेंडीवाल्यांनो, 'लेडीज फिंगर'मधलं फिंगर तिसऱ्याच घरचं, जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन यांच्या स्वतःच्या घराण्यातलं.

उलट एका शब्दात 'डॅक्ट' ऐकूच येत नाही, पण तो आहे याच घरचा. डेट! म्हणजे खजूर. ग्रीकांनी खजुरालाही बोटच म्हटलं, आकारावरून. लॅटिनमध्ये शब्द गेला 'डॅक्टिलस' म्हणून, जुन्या फ्रेंचमध्ये 'क' गळाला, शेपूट गळालं, उरलं डेट. जर्मन 'डाटेल' आणि स्पॅनिश 'दातिल' यांत शेवटचा 'ल' अजून शिल्लक आहे. तारीख या अर्थाचा डेट मात्र वेगळा, तो लॅटिन 'डाटा'वरून, म्हणजे 'दिलेले'. पत्रावर अमुक दिवशी, अमुक गावी 'दिले' असं लिहायचे, त्यातून तो आला.

आता माझा सर्वांत लाडका अर्थ. नुसतं 'डॅक्टिल' म्हणजे कवितेतला गण. तुमची तर्जनी वर धरा. तळव्याजवळचं पेर लांब, पुढची दोन आखूड. लांब, आखूड, आखूड. गुरू, लघू, लघू. 'यमाताराजभानसलगा' पाठ आहे ना? भा-न-स. आपला भगण! ग्रीकांनी बोट बघून ठेवलेलं नाव, आणि आपल्याकडे तोच ठेका 'भ' या अक्षरात. आपलं दोधक वृत्त घ्या, भ भ भ ग ग. टाळी वाजवून म्हणा: भानस भानस भानस गा गा. प्राचीन ग्रीक कवी होमर याच्या महाकाव्यांची ओळ सहा गणांची असते, आणि तिची अखेर बहुतेक वेळा अशीच येते, एक भगण आणि दोन गुरू.

होमरकडे पहाटेचं एक विशेषण पुन्हा पुन्हा येतं, 'ऱ्होदोदक्तुलोस एओस', गुलाबी बोटांची पहाट. एओस ही पहाटेची देवी, आणि हा शब्द आपल्या 'उषस्'चा सख्खा नातेवाईक. आता मात्रा लावा. 'द'नंतर जोडाक्षर 'क्त', म्हणून 'द' गुरू, आपलाच नियम. 'तु' लघू. 'लोस'मधला ओ ग्रीकमध्ये ऱ्हस्व, आणि त्यातला 'स' पुढच्या स्वराला चिकटतो, म्हणून तोही लघू. मग ए आणि ओ, दोन गुरू. दक्-तु-लो से-ओस. भा-न-स गा-गा. त्या ओळीत 'बोट' हा शब्द स्वतःच एक डॅक्टिल आहे! व्हिडिओ थांबवा आणि एकदा टाळीवर म्हणून बघा.