आयटी बटईनं दिलंय, पण सातबारा कुणाच्या नावावर?

नमस्कार मंडळी. मागं कूलरचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या, संभाजीनगरच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून व्हिडिओ काढणं मला तरी जमत नाही.

तर झालं असं, वाळूजमधल्या एका कंपनीच्या मालकांचा फोन आला. गाड्यांचे पार्ट बनवतात, दोनशेच्या आसपास माणसं, साठ-सत्तर कॉम्प्युटर. म्हणाले, सर, आमचं आयटी सगळं बाहेर दिलंय, वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, भरतो, तरी कस्टमरचा ऑडिटवाला विचारायलाय की रात्री तुमची सिक्युरिटी कोण बघतं, आता याला काय सांगू? मी म्हणलं, एएमसीच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा. वाचलं त्यांनी. प्रिंटर, फॉरमॅट, नेटवर्कची केबल, महिन्याला दोन व्हिजिट, आणि "अँटिव्हायरस टाकून देणे". टाकून देणे! टाकल्यावर त्याच्यात लाल अलर्ट यायलेत का नाही ते कुणी बघायचं, ते त्या कागदात कुठंच नाही. म्हणजे एएमसीवाला फसवत नव्हता बरं का, तो लिहिलं तेवढं करत होता. यांनीच धरून चाललं होतं की आयटी दिलं म्हणजे त्यात सिक्युरिटी आलीच.

आपल्याकडं शेताचं कसं असतं, घरच्यांना जमत नसलं की एक तर पाडव्याला सालगडी ठेवायचा, नाहीतर बटईनं द्यायचं. कंपनीतला आयटीवाला पोरगा म्हणजे सालगडी, आणि बाहेरचा व्हेंडर म्हणजे बटईवाला. सर्व्हर त्यानंच बघायचा, सीसीटीव्ही त्यानंच, हजेरीचं मशीन त्यानंच, आणि साहेबांच्या पोरीच्या लॅपटॉपमध्ये विंडोज पण त्यानंच टाकायची. आता त्यालाच म्हणायचं की रात्री हॅकर येतो का ते पण बघ?

जरा हिशोब करू. आठवड्याचे तास १६८. एक माणूस कायद्यानं ४८ तास करणार. म्हणजे एक खुर्ची चोवीस तास भरायची तर साडेतीन माणसं, सुट्ट्या, आजारपण, घरची लग्नं धरली की चार-पाच. नुसती एक खुर्ची! आणि त्यातला एखादा पोरगा जरा तयार झाला की वर्षभरात पुण्याहून फोन येतो, जातो तो. त्यामुळं सिक्युरिटीचं मॉनिटरिंग बाहेर द्यायलाच मी सांगतो, दोनशे माणसांच्या कंपनीनं स्वतःचा सॉक, म्हणजे चोवीस तास सिक्युरिटीवर नजर ठेवणारी टीम, उभा करायच्या नादाला लागू नये. व्हेंडर ती खुर्ची पन्नास कंपन्यांत वाटून घेतो म्हणून ती परवडते.

पण मग पन्नास कंपन्यांच्या किल्ल्या एकाच खिशात जातात ना. २ जुलै २०२१ ला अमेरिकेत हेच झालं. कासेया नावाची कंपनी, तिचं सॉफ्टवेअर आयटी सर्व्हिसवाले वापरायचे, गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर लांबून सांभाळायला. हॅकर त्या सॉफ्टवेअरमध्ये घुसले आणि सर्व्हिसवाल्यांच्या मार्फत रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, थेट गिऱ्हाइकांकडं. कंपनीच्याच अंदाजानं ८०० ते १५०० धंद्यांना फटका बसला. स्वीडनमध्ये कूप नावाची दुकानांची साखळी आहे, तिला शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्यावरची बिलिंग मशीनच चालेनात, आणि गंमत बघा, कूपनं ते सॉफ्टवेअर स्वतः घेतलंच नव्हतं, त्यांच्या व्हेंडरकडून आलेलं लचांड.

लांबचं राहू द्या. २०२४ चा जुलै संपता संपता आपल्याकडं सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना टेक्नॉलॉजी पुरवते. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं खबरदारी म्हणून तिला पेमेंटच्या नेटवर्कपासून तोडलं, आणि जवळपास ३०० छोट्या बँकांच्या गिऱ्हाइकांचं यूपीआय, एटीएम अडकलं. काउंटरवर शिव्या कुणी खाल्ल्या असतील? सी-एजचं नाव त्या खातेदारानं जन्मात ऐकलेलं नसणार.

म्हणून बटईला द्या, पण सातबारा आपल्या नावावर ठेवा. [स्क्रीनवर: डोमेन, मेलचं मेन ॲडमिन, फायरवॉलचा पासवर्ड, बॅकअपचं खातं] डोमेन म्हणजे वेबसाइट आणि मेलचं नाव, फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी. या चार गोष्टी कंपनीच्या नावावर, कंपनीच्या मेलवर, आणि पासवर्ड पाकिटात बंद करून तिजोरीत. चिकलठाण्यातल्या एका कंपनीचं सांगतो. व्हेंडरशी बिलावरून वाजलं, आणि मग कळलं की डोमेन त्या व्हेंडरनं स्वतःच्या जीमेलवर घेतलेलं. रिन्यूअलची तारीख गेली, चार दिवस सगळे मेल बंद. जीएसटीचा ओटीपी पण त्याच मेलवर यायचा. शेवटी मालक स्वतः त्याच्या ऑफिसात जाऊन बसले आणि सगळं बिल, वादातलं सुद्धा, मुकाट भरून आले.

अजून एक, व्हेंडरच्या पोरांना एकच लॉगिन वाटून देऊ नका, प्रत्येकाचं वेगळं, ओटीपीसकट. लांबून कॉम्प्युटर चालवायचं एनीडेस्क चोवीस तास उघडं आणि पासवर्ड कंपनीचं नाव अॅट १२३, हे मी डोळ्यानं बघितलंय, एका नाही, चार ठिकाणी.

आता एसएलए, म्हणजे किती वेळात काय करणार याचा करारातला शब्द. "रिस्पॉन्स टाइम ४ तास" वाचून माणूस खूश होतो. रिस्पॉन्स म्हणजे चार तासांत कुणीतरी फोन उचलून "बघतो सर" म्हणणार. दुरुस्त कधी होणार ते वेगळं लिहून घ्यावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणीच लिहीत नाही. समजा रात्रीचे दोन वाजलेत. तिसरी पाळी चालूय, पहाटेच्या गाडीचं चलन ईआरपीतून, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार चालतो त्या सॉफ्टवेअरमधून, निघायचंय. व्हेंडरच्या खुर्चीवरच्या पोराला दिसतं की तुमच्या सर्व्हरवर फाइली भराभर एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, व्हायल्यात. तो काय करणार? सर्व्हर नेटवर्कमधून तोडला तर डिस्पॅच थांबतं, सकाळी त्याच्यावरच ओरडा. नाही तोडला तर तासाभरात सगळं साफ. तो मेल टाकतो. तुम्ही झोपलेले. फोन लावतो, फोन चार्जिंगला, सायलेंटवर. पैसे तुम्ही चोवीस तासांचे दिले, पण हात लावायची परवानगी दहा ते सहाची! तर करारात चक्क लिहा की अमुक दिसलं तर कुणालाही न विचारता मशीन तोडायचं, कोणती मशीन विचारल्याशिवाय तोडायची नाहीत, आणि विचारायचं तर कोणत्या तीन नंबरवर, कोणत्या क्रमानं. त्यातला एक नंबर प्लांटच्या नाइट इनचार्जचा टाका, तो तरी जागा असतो.

कायद्याचं पटकन सांगतो. सर्ट-इन म्हणजे सरकारची सायबर सुरक्षेची संस्था, तिचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे, असला हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायचं, आणि लॉग, म्हणजे सिस्टीममध्ये काय काय झालं त्याच्या नोंदी, १८० दिवसांचे जपायचे. व्हेंडरला विचारा आपल्या फायरवॉलमध्ये किती दिवसांचे लॉग आहेत, चेहरा बघा त्याचा. दुसरा, २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा. कामगारांचे आधार, पगार, बँक खाती तुमच्याकडंच आहेत ना? ते सांभाळायचं काम बाहेर दिलं तरी जबाबदार तुम्हीच, व्हेंडरशी करार काहीही असू द्या. सुरक्षेत हयगय केली तर दंड २५० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत, मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे करार आत्ताच नीट करायचा.

वाळूजच्या त्या मालकांना मी एकच काम लावलं. म्हणलं, शनिवारी व्हेंडरला बोलवा, एक रिकामा कॉम्प्युटर द्या आणि म्हणा की आमचा सर्व्हर जळाला असं समजा, बॅकअपमधून टॅली आणि ईआरपी उभं करून दाखवा. घड्याळ लावा. रोज "बॅकअप सक्सेसफुल" असा हिरवा मेल येत होता त्यांना, दोन वर्षं. सकाळी दहाला सुरू केलं, रात्री नऊला ईआरपी उठलं. टॅली उठलंच नाही, कारण अकाउंटंटनं मागच्या वर्षी डेटा दुसऱ्या ड्राइव्हला हलवलेला आणि बॅकअप जुन्याच फोल्डरचा व्हायचा, रिकाम्या. अकाउंटंट म्हणतो मी सांगितलं होतं, व्हेंडर म्हणतो मला कुणी सांगितलं नाही. मालकांनी दोघांना चहा पाजला आणि पुढच्या शनिवारी परत बोलावलंय, यावेळी मी पण चाललोय.