दार उघडल्यानंतर

एक खोली. जमिनीवर खेळणी, दोन खुर्च्या आणि वर्षा-सव्वा वर्षाचं मूल. आई उठते, बाहेर जाते, दार लागतं. फार तर तीन मिनिटं. मूल रडतं का, एवढंच आपण बघतो. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांचं लक्ष मात्र पुढच्या क्षणाकडे होतं. दार उघडून आई आत आली, की मूल काय करतं?

अमेरिकेत बाल्टिमोरला आखलेला हा प्रयोग 1970 मध्ये प्रसिद्ध झाला. बरीच मुलं आईकडे झेपावली, कडेवर शांत झाली आणि पुन्हा खेळायला लागली. काही आईला बिलगली, पण समजूत पटेना; एका हातानं आईला धरायचं, दुसऱ्यानं ढकलायचं. काहींनी तर मान वर करून पाहिलंही नाही. किती समजूतदार मूल, असं कुणालाही वाटेल. पण पुढे संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते वाढलेले निघाले. मूल शांत नव्हतंच. रडून कुणी जवळ घेत नाही, असा अंदाज त्यानं बांधला होता, म्हणून ते गप्प होतं.

घरातल्या रोजच्या वागण्यातून मुलाच्या मनात बसतो तो हा अंदाज. चिडलं की घरचे बोलणं टाकतात का? रुसल्यावर कुणी समजूत काढतं का? मोठी माणसं 'माझं चुकलं' म्हणतात का? भांडणं सगळ्याच घरांत होतात. भांडणानंतरचा तास कसा जातो, यावर आमच्या मते जास्त अवलंबून असतं.

मोठेपणी हे असं दिसतं. जोडप्यात वाद होतो. एकजण म्हणतो, 'काही नाही, ठीक आहे,' आणि मोबाइलमध्ये डोकं घालतो. दुसरी मागे लागते: बोल ना, राग आलाय का, सांग ना. ती जितकी मागे लागते, तितका तो मिटत जातो. त्याला बोलणं म्हणजे हल्ला वाटतो, तिला त्याचं गप्प बसणं म्हणजे सोडून जाणं. दोघंही आपापल्या घरी शिकलेला उपायच करत असतात.

घरी शिकलेला आपला हा साचा ओळखायचा असेल तर कागद घ्या. आईशी असलेल्या नात्याला पाच विशेषणं लिहा, मग वडिलांशी असलेल्या नात्याला पाच. प्रत्येकापुढे एक खरा प्रसंग. मानसशास्त्रज्ञ मेरी मेन आणि सहकाऱ्यांच्या, मोठ्या माणसांना बालपणाविषयी विचारण्याच्या मुलाखतपद्धतीत असेच प्रश्न असतात. 'प्रेमळ' लगेच लिहिलं जातं आणि पुढचा प्रसंग सुचत नाही, तिथे थांबा. बालपण सुखाचं होतं का, हे या पद्धतीत निर्णायक नसतं. त्याविषयी सलग, प्रामाणिकपणे बोलता येतं का, हे पाहतात. खडतर बालपणातून आलेली माणसंही तसं बोलू शकतात, आणि त्यांची नाती स्थिर असू शकतात.

चूक होते ती पुढे. हे निदान ऐन भांडणात जोडीदाराच्या तोंडावर फेकलं जातं: 'तू अगदी तुझ्या बाबांसारखा!' तिथे बोलणं संपतं. दुसरी चूक, 'मला थोडा वेळ दे' म्हणून निघून जाणं. किती वेळ, ते न सांगता. मागे राहिलेल्या माणसाला फक्त दार लागल्याचा आवाज येतो.

म्हणून वेळ सांगून उठा: 'वीस मिनिटांनी बोलू.' त्या वेळात मनातल्या मनात भांडण घोळवू नका, थोडं चाला, पाणी प्या. आणि वीस मिनिटं झाली, की हाकेची वाट न पाहता स्वतःहून खोलीत परत या.